पीळ इंजिनाचा, ठपका ड्रायव्हरवर

(द्वितीय वर्ष कला)

नव्या मोटारीची जाहिरात वर्तमानपत्रात पानभर येते. तीत गाडीचा रंग असतो, हसरे कुटुंब असते आणि एका कोपऱ्यात ठळक आकडे असतात : अमुक अश्वशक्ती, तमुक न्यूटन-मीटर टॉर्क. हे आकडे इंजिनाचे. इंजिन किती जोर लावू शकते हे ग्राहकाला अभिमानाने सांगितले जाते. परंतु तो जोर ज्या पेटीतून चाकांपर्यंत जातो, ती गिअरची पेटी किती जोर सोसू शकते आणि किती तापली की हार मानते, याचा आकडा त्या पानावर नसतो. असा आकडा अस्तित्वातच नाही असे मात्र नव्हे. पेटी बनविणाऱ्याने तो मोजलेला असतो आणि मोटार बनविणाऱ्याने तो पाहूनच पेटी निवडलेली असते. माझे म्हणणे असे की हा दुसरा आकडा गाडी घेणाऱ्याला, आणि त्याहीपेक्षा गाडी चालविणाऱ्याला, सांगितला गेला पाहिजे. तो सांगितला जात नाही तोवर पेटी बिघडल्याचा दोष चालकाच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कला शाखेच्या मुलीने हा विषय घ्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. वार्षिकांकात आम्ही बहुधा पाऊस, आई, हुंडा आणि बेकारी यांवर लिहितो. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु माझे वडील गेली बावीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवितात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि माझी फी गाडीच्या चाकावरून आलेली आहे. रात्री जेवताना आमच्याकडे राजकारणापेक्षा क्लच, घाट आणि डिझेलचे भाव यांच्याच गोष्टी जास्त होतात. तेव्हा गिअरबॉक्स हा माझ्यासाठी परका विषय नाही. शिवाय यंत्र कोणी बनविले, ते कोणी विकत घेतले, ते कोणी चालविले आणि बिघडल्यावर भरपाई कोणी केली, हा प्रश्न इंजिनिअरिंगचा जेवढा आहे तेवढाच अर्थशास्त्राचाही आहे.

प्रथम टॉर्क म्हणजे काय ते पाहू. घट्ट बसलेला नट सोडविताना आपण पान्याच्या टोकाला जोर लावतो आणि नटाला पीळ बसतो. हा पीळ म्हणजेच टॉर्क. एक मीटर लांबीच्या आडव्या पहारीच्या टोकाला एक किलो वजन टांगले तर तिच्या दुसऱ्या टोकाला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ बसतो. म्हणजे २५० न्यूटन-मीटर हा त्याच पहारीला सिमेंटचे अर्धे पोते टांगल्यासारखा जोर झाला. गॅरेजमध्ये 'गाडीला पिकप आहे' असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा याच पिळाविषयी बोलणे चालू असते.

साध्या इंजिनात हवा आपोआप आत ओढली जाते. टर्बो असलेल्या इंजिनात बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक लहानशी चक्री फिरते. त्याच दांड्यावर दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करू लागते. मारुतीच्या जुन्या स्विफ्टचे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन सुमारे ११३ न्यूटन-मीटर पीळ देत असे, आणि तोही इंजिन मिनिटाला ४००० हून अधिक फेऱ्या घेऊ लागल्यावर. २०१९ साली आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूचे टर्बो इंजिन त्याहून लहान, म्हणजे १ लिटरचे. पण त्याचा पीळ १७२ न्यूटन-मीटर, आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो. पीळ जवळजवळ दीडपट झाला ही एक गोष्ट. तो अगदी सुरुवातीला, गाडी जागेवरून उठत असतानाच हजर होतो ही दुसरी. गिअरपेटीच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच जड आहे, कारण गाडी उठण्याच्या क्षणीच क्लचवर सर्वांत जास्त घासाघीस होत असते.

आपल्या देशात अशी लहान टर्बो इंजिने इतकी का वाढली, याचे कारण आपल्या करपद्धतीत सापडते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोलच्या बाबतीत १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यामुळे इंजिन लहान ठेवण्यात कंपनीचा फायदा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हाही लहान गाडी ठरविण्याची मोजपट्टी हीच राहिली. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, लहान डिझेल इंजिने महाग पडू लागली आणि अनेक कंपन्यांनी ती बंद केली. डिझेलचा जोर ज्यांना हवा होता त्यांच्यापुढे मग लहान टर्बो पेट्रोल इंजिन आले. याच सुमारास शहरातील वाहतुकीला कंटाळलेला ग्राहक क्लचचे पेडल नको म्हणू लागला. लहान टर्बो इंजिन आणि ऑटोमॅटिक पेटी यांचे लग्न असे जुळले.

वास्तविक ही दोन्ही घराणी जुनी आहेत. टर्बोचे पहिले पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरचे, १९०५ सालचे. द्रवाच्या साहाय्याने पीळ पोहोचविण्याचे, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचे पेटंट जर्मनीच्या हेर्मान फॉटिंगर यांचे, तेही १९०५ सालचेच, आणि ते जहाजांसाठी होते. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली ऑटोमॅटिक पेटी अमेरिकेत १९३९ साली ओल्ड्समोबिल गाडीत आली, आणि त्याच ओल्ड्समोबिलने १९६२ साली टर्बोची मोटार बाजारात आणली. म्हणजे या यंत्रांचे गुणदोष कालपरवा कळलेले नाहीत. शिकणाऱ्यांना शिकायला भरपूर वेळ मिळालेला आहे.

आता पेट्यांचे प्रकार. 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द आपण वापरतो, परंतु त्याखाली किमान चार निरनिराळी यंत्रे येतात. पहिली टॉर्क कन्व्हर्टरची पेटी. तीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर दुसरा आपोआप फिरतो, तसे हे काम चालते. घसरण होते ती तेलात, आणि तापलेले तेल थंड करण्यासाठी वेगळी सोय असते. दुसरी सीव्हीटी. तीत दातेरी चाकांच्या जागी दोन कप्प्या आणि त्यांवर पोलादी पट्टा असतो. पट्टा कप्पीवर घसरला की दोन्हींवर चरे पडतात, म्हणून पीळ किती द्यायचा याबाबत ही पेटी फार काटेकोर असते. तिसरी दोन क्लचची पेटी, म्हणजे डीसीटी. एका क्लचवर विषम गिअर आणि दुसऱ्यावर सम गिअर, त्यामुळे गिअर फार झटकन बदलतो. यात पुन्हा ओल्या आणि कोरड्या क्लचचे दोन भेद आहेत. ओला क्लच तेलात बुडालेला असतो आणि तेल त्याची उष्णता वाहून नेते. कोरड्याला फक्त हवेचा आधार. कोरडा क्लच स्वस्त पडतो आणि इंधनही थोडे वाचवितो. चौथी एएमटी, आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत आलेली. ती म्हणजे साधी हातगिअरचीच पेटी, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्राच्या हाताने होते.

या प्रत्येक पेटीला पिळाची मर्यादा असते. दात किती रुंद आहेत, दांडा किती जाड आहे, क्लचच्या चकत्या किती मोठ्या आणि किती जोराने दाबलेल्या आहेत, यांवरून ती ठरते. ही मर्यादा कंपन्यांना किती नेमकी ठाऊक असते याचा पुरावा त्यांच्याच माहितीपत्रकांत आहे. २०२० साली आलेल्या निस्सान मॅग्नाइटचे टर्बो इंजिन हातगिअरबरोबर घेतले तर १६० न्यूटन-मीटर आणि सीव्हीटीबरोबर घेतले तर १५२ न्यूटन-मीटर. इंजिन तेच, पण पेटी पाहून त्याला आठ न्यूटन-मीटरचा लगाम घातलेला. उलट टोयोटा फॉर्च्युनरचे २०२१ चे डिझेल इंजिन हातगिअरला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर देते. म्हणजे ऑटोमॅटिक पेटी नेहमी नाजूकच असते ही समजूत खरी नाही. टॉर्क कन्व्हर्टरची भक्कम पेटी हातगिअरहूनही जास्त सोसू शकते. जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या पेट्यांचे तर नावच बोलके असते : '८एचपी७०' या नावातील ८ म्हणजे आठ गिअर आणि ७० म्हणजे साधारण ७०० न्यूटन-मीटरचा वर्ग. बारशालाच मर्यादा सांगून टाकलेली!

हातगिअरच्या गाड्यांनाही हा नियम सुटलेला नाही. पोर्शे कंपनीने १९७५ पासून ९११ ची टर्बो गाडी विकायला सुरुवात केली. त्या काळच्या तिच्या इतर गाड्यांत पाच गिअरची पेटी मिळत असताना या सर्वांत जोरदार गाडीला मात्र चारच गिअर दिले होते. कारण उघड होते : चार गिअरच्या पेटीत दात रुंद आणि भक्कम ठेवता येतात. पाचवा गिअर तिला १९८९ साली नवी पेटी आल्यावरच मिळाला. दुसरे टोक पाहायचे तर २००५ ची बुगाटी व्हेरॉन. तिच्या इंजिनाचा पीळ १२५० न्यूटन-मीटर, तरीही तिची पेटी दोन क्लचची ऑटोमॅटिकच, कारण ती त्या गाडीसाठी खास बनवून घेतली होती. तात्पर्य, मर्यादा कोठे ठेवायची हे बरेचसे खर्चावर ठरते. पैसे घातले तर पेटी कितीही पीळ सोसते. कंपनी परवडेल तेवढी पेटी बसविते आणि तिच्या काठापर्यंत इंजिन भरते. फोक्सवॅगन समूहाची सात गिअरची कोरड्या क्लचची पेटी २५० न्यूटन-मीटरच्या मर्यादेची म्हणून ओळखली जाते, आणि २०२१ साली आलेल्या स्कोडा कुशाकमध्ये तिच्यासोबत जोडलेल्या १.५ लिटरच्या टर्बो इंजिनाचा पीळ आहे बरोबर २५० न्यूटन-मीटर. हे गैर आहे असे मी म्हणत नाही. हिशोब करूनच ते जुळविलेले असणार. परंतु पूर्ण भरलेला हंडा घेऊन चालणाऱ्याला तो काठोकाठ भरलेला आहे हे कोणीतरी सांगायला नको का?

पिळाच्या आकड्यापेक्षाही लपलेली गोष्ट म्हणजे उष्णता. क्लच घसरतो तेव्हा जेवढा पीळ आणि दोन चकत्यांच्या वेगात जेवढा फरक, त्यांच्या गुणाकाराएवढी उष्णता तेथे तयार होते. समजा घाटात गाडी मुंगीच्या गतीने चढते आहे, पीळ फक्त ५० न्यूटन-मीटर आहे आणि चकत्यांच्या वेगात मिनिटाला ८०० फेऱ्यांचा फरक आहे. हिशोब केला तर सुमारे ४ किलोवॅट उष्णता येते. आंघोळीच्या पाण्याचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. म्हणजे दोन गिझर एका बंद डब्यात, आणि त्यांत पाणी नाही! येथे इंजिनाने आपला पूर्ण पीळ वापरलेलाही नसेल. माहितीपत्रकातील मर्यादा कोठेही ओलांडलेली नसेल. तरीही क्लच जळेल.

वाई ते पाचगणी हा पसरणी घाट सुट्टीच्या दिवशी ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. गेल्या मे महिन्यात माझे वडील मालकांच्या पाहुण्यांना घेऊन त्या घाटात होते. गाडी टर्बोची, दोन क्लचची. आत पाच माणसे, एसी चालू, आणि पुढे गाड्यांची न संपणारी रांग. हातभर पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा हातभर जायचे. तासाभराने समोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी सूचना आली. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो. त्यांनी जागा मिळताच गाडी कडेला घेतली. त्या दिवशी गाडी घरी आली, परंतु नंतर उठताना थरथरू लागली. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले की क्लच जळाला आहे, ड्रायव्हरने हाफ क्लचवर गाडी मारली आहे, आणि क्लच हा झिजणारा भाग असल्यामुळे वॉरंटी मिळणार नाही.

वाचकहो, ज्या गाडीत क्लचचे पेडलच नाही, त्या गाडीत ड्रायव्हरने हाफ क्लच मारला! माझ्या वडिलांनी एवढेच विचारले, "साहेब, पाय कशावर ठेवला असेल मी?" त्यावर उत्तर मिळाले नाही. मालकांनी आरडाओरडा केला नाही, ते तसे सज्जन आहेत. परंतु दरमहा दोन हजार रुपये याप्रमाणे दहा महिने पगारातून कापून घेण्याचे ठरले, आणि त्यातले काही हप्ते अजून जायचे आहेत. गाडीचे जाड इंग्रजी पुस्तक मी मागून आणले आणि शब्दकोश घेऊन वाचले. चढावर ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी रोखून धरू नये, ब्रेक वापरावा, तसे न केल्यास क्लच तापेल, असे दोन ओळींत त्यात लिहिलेले आहे. दोनच ओळी. त्या कधी कोणी माझ्या वडिलांना सांगितल्या नाहीत. किल्ली देताना मालकांना सांगितले असेल म्हणावे, तर त्यांनाही नाही.

हा अनुभव आमच्याच घरचा असता तर मी तो येथे लिहिला नसता. पण जगात इतरत्रही हेच घडलेले आहे. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत 'पॉवरशिफ्ट' नावाची दोन क्लचची पेटी होती. गाड्या थरथरत, अडखळत. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकांना कंपनी सांगत असे की हा तुमच्या चालविण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. पेटीत दोष आहे हे तिला तेव्हा ठाऊक होते. तेथील ग्राहक आयोगाने खटला भरला आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. त्या गाड्यांचे दुखणे टर्बोचे नव्हते, हे सांगायला हवे. परंतु चालकाकडे बोट दाखविण्याची रीत तीच.

चीनमधील गोष्ट आणखी बोधप्रद आहे. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या पेटीविषयी तेथे तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१२ साली कंपनीने तिची वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढविली. पुढे १५ मार्च २०१३ रोजी, म्हणजे ग्राहक दिनी, सरकारी दूरचित्रवाणीने या पेटीवर कार्यक्रम दाखविला, आणि काही दिवसांतच कंपनीने ३,८४,१८१ गाड्या परत बोलाविल्या. दोष पेटी नियंत्रित करणाऱ्या विद्युत-द्रव यंत्रणेत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या पेटीतील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल घालण्याचे ठरविले, कारण उष्ण व दमट हवेत त्या तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता. आता विचार करा : या लाखो गाड्यांच्या चालकांपैकी किती जणांना आधी 'तुम्हांला चालविता येत नाही' असे ऐकावे लागले असेल?

आमच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासात जॉर्ज ॲकरलॉफ यांचे नाव येते. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की वस्तूचा खरा दर्जा विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, आणि या तफावतीमुळे सगळा बाजारच बिघडतो. वर्गात हे ऐकताना मला वाटले की आमच्या घरी या गणितात तिसरा माणूस आहे. विकणाऱ्याला सर्व माहीत, घेणाऱ्याला थोडे माहीत, आणि चालविणाऱ्याला काहीच नाही. भरपाई मात्र उलट्या क्रमाने होते : ज्याला सर्वांत कमी माहिती, तो आपल्या पगारातून सर्वांत जड वाटा उचलतो. आपल्या ग्राहक संरक्षण कायद्याने, १९८६ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्याही, वस्तूची गुणवत्ता, क्षमता आणि दर्जा यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. गिअरपेटीची सोसण्याची मर्यादा ही क्षमता नव्हे तर काय? परंतु गाडी विकत घेणारा पगारी ड्रायव्हर नसतो, म्हणून ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की ड्रायव्हर खरोखरच गाडीची वाट लावतात. लावतात, काही जण लावतात. हातगिअरच्या गाडीत क्लचवर पाय ठेवून बसणारे आहेत आणि त्यांना माझे वडीलही बोलतात. परंतु तेथे क्लच चालकाच्या पायाखाली असतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लच कधी लावायचा, किती घसरू द्यायचा, हे कंपनीने लिहिलेला कार्यक्रम ठरवितो. चालकाच्या हाती फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. निर्णय ज्याचा, जबाबदारीही बरीचशी त्याचीच असली पाहिजे.

दुसरा आक्षेप, सामान्य माणसाला न्यूटन-मीटर काय कळणार? मग इंजिनाचे न्यूटन-मीटर पानभर कोणासाठी छापता? जो माणूस १७२ आणि ११३ यांतला फरक समजून जास्त पैसे मोजतो, तो २५० ची मर्यादाही समजेल.

तिसरा आक्षेप आमच्या कॉलेजातील मित्रांचा असेल. त्यांच्या मते मर्यादा असतातच ओलांडण्यासाठी. टर्बो गाडीच्या संगणकातील कार्यक्रम बदलून पीळ वाढवून देणारी गॅरेजे आता शहराशहरांत निघाली आहेत, त्याला 'रिमॅप' म्हणतात. साध्या इंजिनात असा फार फायदा होत नाही, टर्बोत होतो, कारण हवेचा दाब वाढविला की पीळ वाढतो. मित्रांनो, कंपनीचा संगणक पहिल्या गिअरला आणि गिअर बदलण्याच्या क्षणी इंजिनाचा पीळ मुद्दाम कमी करीत असतो, तो पेटी वाचावी म्हणून. रिमॅप करणारा इंजिनाचा पीळ वाढवितो, पेटी मात्र जुनीच राहते. पंधरा हजारांच्या हौसेपायी लाखभराची पेटी पणाला लागते. आणि अशी गाडी पुढे जुन्या बाजारात विकली गेली की तिच्यासाठी कर्ज काढणाऱ्या एखाद्या टॅक्सीवाल्याच्या गळ्यात ती पडते, हेही लक्षात असू द्या.

मी ऑटोमॅटिक गाड्यांच्या विरुद्ध नाही. वडिलांचा डावा गुडघा वीस वर्षे क्लच दाबून कुरकुरू लागला आहे, आणि ऑटोमॅटिक गाडी चालवून आले की ते जिना सरळ चढतात. ज्यांना एका पायाने अधूपण आहे त्यांना या गाड्यांनी स्वतः गाडी चालविण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. टर्बोलाही माझा विरोध नाही. थोड्या इंधनात जास्त काम होत असेल तर ते कोणाला नको आहे? माझी मागणी तीनच गोष्टींची आहे.

पहिली, इंजिनाच्या पिळाचा आकडा जेथे छापाल तेथेच, तेवढ्याच अक्षरांत, पेटीची मर्यादा, तिचा प्रकार आणि क्लच ओला की कोरडा हे छापा. दुसरी, गाडीबरोबर चालकासाठी एका पानाचे पत्रक त्या त्या राज्याच्या भाषेत द्या. आपल्याकडे ते मराठीत असावे. त्यात लिहा की घाटातल्या रांगेत हात-हातभर सरकू नका, पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदम जा. थांबाल तेव्हा ब्रेकवर थांबा. पेटी तापल्याची सूचना आली की गाडी कडेला घेऊन पार्किंगमध्ये टाका आणि थंड होऊ द्या. पडद्यावरची सूचनाही मराठीत यावी. जो पडदा मराठी गाण्याचे नाव दाखवू शकतो त्याला हे अवघड नाही. तिसरी, पेडल नसलेल्या गाडीचा क्लच 'झिजणारा भाग' म्हणून वॉरंटीतून वगळू नका. आणि चालकावर ठपका ठेवायचाच असेल तर गाडीच्या संगणकात जी नोंद असते ती कागदावर काढून त्याच्या हातात द्या. आरोपीला आरोपपत्र मिळते, ड्रायव्हरला तेवढेही मिळू नये?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती हट्टी माणसाला उद्देशून आहे. पण टर्बो गाडीकडे पाहिले की ती मला वेगळ्या अर्थाने आठवते. इंजिनाचा पीळ जाहिरातीत तसाच झळकत राहतो आणि सुंभ जळतो तो दुसऱ्याच कोणाचा तरी. आपल्यापैकी अनेक जण उद्या नोकरीला लागतील, हप्त्यावर का होईना, गाडी घेतील, आणि काही जण ड्रायव्हरही ठेवतील. त्या वेळी शोरूममध्ये इंजिनाचा आकडा ऐकून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारा : "आणि पेटी किती सोसते?" पुष्कळ लोकांनी विचारला की त्याचे उत्तर छापावेच लागेल. आणि गाडी बिघडलीच, तर पगारातून पैसे कापण्यापूर्वी चालविणाऱ्याचेही म्हणणे ऐकून घ्या. त्याच्या घरीही कोणीतरी शिकत असेल.